अनुदानाच्या आधीचा खर्च

गावातील वाचनालय, वस्तीतील अभ्यासिका, पाड्यावरच्या मुलांसाठी चालणारा संध्याकाळचा वर्ग अशा लहान संस्थांना पैसा का मिळत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात फार प्रतिष्ठा पावले आहे. पैशाची टंचाई नाही, टंचाई माहितीची आहे, असे ते उत्तर. या पक्षाची मांडणी वरवर पाहता भक्कम दिसते. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेपर्यंत पोहोचतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. यालाच सामाजिक दायित्व निधी किंवा सीएसआर म्हणतात, आणि राज्यांच्या तुलनेत त्याचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राच्या पदरात पडतो. त्याखेरीज जुने विश्वस्त निधी आहेत, शासनाच्या खात्यांच्या योजना आहेत, ग्रंथालयांसाठी परिरक्षण अनुदान आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचे साहाय्य आहे, परदेशी स्थायिक झालेला मराठी माणूस आहे. तेव्हा देणगीदारांच्या याद्या वाटाव्यात, प्रस्तावलेखनाच्या कार्यशाळा घ्याव्यात, म्हणजे निधी आपोआप वाहू लागेल, असा या पक्षाचा निष्कर्ष आहे.

यादी हाती आलेल्या संस्थेपुढे काय वाढून ठेवलेले असते ते क्रमाने पाहिले की हा निष्कर्ष टिकत नाही. महाराष्ट्रात 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी करावी लागते. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील परिशिष्ट 1 मध्ये तिच्या विश्वस्तांची नावे असतात आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात अनेक संस्थांच्या परिशिष्टात दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली असतात, आणि देणगीदार अद्ययावत उतारा मागतो तेव्हाच ते ध्यानात येते. पुढची पायरी आयकराची. 12 एबी या नोंदणीमुळे संस्थेचे स्वतःचे उत्पन्न करमुक्त होते, तर 80 जी या मान्यतेमुळे देणाऱ्याला करात वजावट मिळते. 2025 च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले असले तरी व्यवहारात नावे अजून तीच चालतात. 2021 पासून या दोन्ही मान्यता कायमच्या राहिल्या नाहीत. नव्या संस्थेला आधी 3 वर्षांची तात्पुरती, मग मुदतीची मान्यता मिळते. 80 जी घेतलेल्या संस्थेला दरवर्षी 31 मेपर्यंत देणगीदारांचे विवरण भरावे लागते आणि ते चुकले तर दिवसाला 200 रुपये शुल्क लागते. हे सारे झाल्यावर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा अर्ज, तोही सनदी लेखापाल किंवा त्याच्या तोडीच्या व्यावसायिकाने प्रमाणित केलेला, आणि त्याशिवाय तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव.

यातली एकही अट तशी अवाजवी नाही. सार्वजनिक पैसा मागणाऱ्याने सार्वजनिक हिशेब द्यावा, हे कोणीही मान्य करील. मात्र प्रत्येक अटीला खर्च आहे, तो अनुदान मिळण्याच्या आधी करावा लागतो आणि त्या खर्चासाठी अनुदान देणारा कोणी यादीत सापडत नाही. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2022 मध्ये नियमबद्ध केलेल्या सामाजिक शेअर बाजाराचे उदाहरण तर बोलके आहे: तेथे नोंदणीसाठी मागील वर्षी किमान 50 लाख रुपये खर्च केलेले आणि 10 लाखांचा निधी मिळवलेला असावा लागतो. ज्या वाचनालयाचा वार्षिक खर्च 2 लाखांच्या आत आहे, त्याला या बाजाराची माहिती देणे म्हणजे उपयोग नसलेल्या माहितीचे केवळ ओझे देणे होय. कार्यशाळेतून परतलेला कार्यकर्ता उत्तम प्रस्ताव लिहील. त्याला जोडायचे 3 वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद तो कोठून आणील?

दुसरे मत देणगीदारांच्या बाजूचे आहे. दिलेला रुपया पूर्णपणे लाभार्थ्यापर्यंत पोहोचावा, पगार, भाडे, हिशेब यांवर जाणारा पैसा वाया गेला, असे ते मानते आणि त्यासाठी कायद्याची साक्षही काढते. ही साक्ष चुकीची वाचलेली आहे. सीएसआरच्या नियमांतील 5 टक्क्यांची मर्यादा ही कंपनीने स्वतःच्या कार्यालयात या कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवरचा थेट खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. तरीही हीच मर्यादा लहान संस्थेच्या अंदाजपत्रकावर लावली जाते. परकीय देणगीच्या कायद्यात मात्र बंधन खरेच कडक आहे: 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळवलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेने बाहेरून निधी आणून तालुक्यातल्या लहान गटांना वाटायचा, ही वाट त्यामुळे बंद झाली. देशातल्या देशातही 2023 च्या वित्त कायद्याने एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीचा 85 टक्केच भाग खर्च म्हणून धरण्याची तरतूद केली. लहान संस्थांविषयी सहानुभूती सर्वत्र व्यक्त होत असताना नियम मात्र त्यांच्या विरुद्ध दिशेने सरकत गेले आहेत.

तिसरे मत सर्वांत सात्त्विक आणि म्हणून खंडनाला सर्वांत अवघड आहे. अनुदानाने संस्था मिंधी होते. खरे काम त्यागावर आणि लोकवर्गणीवर उभे राहते, असे ते म्हणते आणि दाखल्यासाठी भाऊराव पाटलांकडे बोट दाखवते. त्यांनी 1919 मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने घरोघर मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याचा मुष्टिफंड चालवला आणि वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले, या गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु ते मंगळसूत्र विकावे लागले यात त्या काळच्या समाजाची शरम आहे. ती संस्थांनी अनुसरावयाची अर्थनीती नव्हे. शिवाय रयतने शासकीय अनुदान नाकारले नव्हते. गांधीहत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारने ते काही काळ रोखले तेव्हा संस्था कोलमडली नाही, याचे कारण तिला अनुदान नको होते हे नसून तिच्यापाशी अनुदानाखेरीजही माणसे होती, हे आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या कामाचा क्रमही हेच सांगतो. अनाथ बालिकाश्रम 1896 चा. विठ्ठलदास ठाकरसी यांची 15 लाखांची देणगी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला मिळाली ती 1920 मध्ये. मधली 24 वर्षे लहानमोठ्या वर्गण्यांची होती, आणि मोठा दाता आला तो त्या वर्षांनी निर्माण केलेल्या विश्वासावर. त्यागवादी मत वर्गणीचे महत्त्व बरोबर ओळखते, पण वर्गणीला अनुदानाचा पर्याय समजते. वास्तविक ती अनुदानाची पूर्वतयारी आहे.

येथून मंडनाला आरंभ होतो. लहान संस्थेचा पहिला अर्ज तिच्या शेजाऱ्यांकडे जावा आणि त्यासाठी 80 जीची वाट पाहू नये. नव्या करप्रणालीत व्यक्तीला ही वजावट मिळतच नाही आणि 2000 रुपयांवरील रोख देणगीला ती जुन्या प्रणालीतही मिळत नाही. तेव्हा वर्षाला 500 रुपये देणाऱ्या शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या मनात ती कधीच नसते. त्याला हवी असते पावती आणि वर्षअखेरीस फलकावर लावलेला जमाखर्च. सामान्य माणसे पैसे देतात की नाही याचा पडताळा 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' या 2011 पासून गणेशोत्सवात चालणाऱ्या उपक्रमाने आणि पितृपक्षात पुण्यात भरणाऱ्या 'देणे समाजाचे' या प्रदर्शनाने दिला आहे. दोन्ही ठिकाणी मध्यमवर्गीय माणूस संस्थेचे काम समजून घेऊन देतो. परदेशी गेलेल्या गावकऱ्यांबाबतही एक गैरसमज दूर व्हावा. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही, मग तो दुबईत असो वा लंडनमध्ये. नागरिकत्व बदललेल्याची मात्र ठरते.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. हिशेब हे पगारी काम आहे, हे शासनाने एका क्षेत्रात केव्हाच मान्य केले आहे. ग्रामीण महिलांसाठीच्या उमेद अभियानातील बचत गटाला फिरता निधी मिळतो तो नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री पाळल्यावर, आणि ती पाळता यावी म्हणून गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांना मानधन दिले जाते. कौशल्य आधी, निधी नंतर, आणि कौशल्याचा खर्च योजनेतच. हा क्रम वाचनालयाला किंवा अभ्यासिकेला का लागू होऊ नये? तालुक्यातील 10-12 संस्थांनी मिळून एक लेखनिक नेमावा, किर्द-खतावणी, बदल अर्ज आणि विवरणपत्रे त्याने पाहावीत, आणि देणाऱ्याने त्याच्या पगाराची तरतूद अनुदानाच्या अंदाजपत्रकात उघडपणे मान्य करावी. खासदार-आमदारांच्या निधीतून सभागृहे उभी राहतात आणि कुलूपबंद राहतात, कारण त्यांत दिवा लावणाऱ्या माणसाचा पगार कोणत्याच तरतुदीत बसत नाही. इतकी सभागृहे पाहूनही हा धडा शिकायचा राहिला आहे, हे नवल आहे.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. वर्गणी बारामतीत जमेल. धडगाव किंवा भामरागडच्या पाड्यावर कोणाकडे मागायची? तेथे वर्गणीचे मोल रकमेवर न धरता देणाऱ्यांच्या संख्येवर धरावे. 40 घरांनी 10-10 रुपये दिले असतील तर त्या कामाला वस्तीची संमती आहे, हे सिद्ध झाले. मात्र काम त्या 400 रुपयांत चालणार नाही आणि ते बाहेरच्या पैशावरच चालवावे लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांना केंद्र सरकारने आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, जिल्हे म्हणून निवडले आहे, तर कंपन्यांचा निधी कारखान्यांभोवती म्हणजे मुख्यतः पुणे-मुंबईच्या परिसरात फिरतो. कलम 135 मध्ये स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, परंतु हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयानेच केलेला आहे. त्यामुळे गडचिरोलीच्या संस्थेला 'तो आमचा भाग नाही' असे उत्तर देणाऱ्या कंपनीने ते स्वतःच्या पसंतीचे म्हणून द्यावे, कायद्याच्या नावावर देऊ नये.