विश्लेषण : साखर सोडली, पण गूळ खावा की ‘शुगर-फ्री’ गोळी? ‘नैसर्गिक’ असले की सुरक्षित असते का?

गोळी ‘केमिकलची’ म्हणून वाईट आणि गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून चांगला, अशी सरळ वाटणी अनेक घरांत झाली आहे. शरीराचा हिशेब मात्र वेगळा असतो. गुळाची पेठ असलेल्या कोल्हापुरात तर तो नीट समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

कोल्हापुरात हा प्रश्न महत्त्वाचा का?

कोल्हापूरची गुळाची ओळख जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिला बदल चहात होतो. कुणी साखरेचा डबा हलवून गुळाचा ठेवते, तर कुणी औषधाच्या दुकानातून गोळ्यांची डबी आणते. दोन्ही पर्याय निवडताना बहुतेकदा ‘नैसर्गिक की कृत्रिम’ एवढाच विचार होतो. चूक इथेच होते.

गोळीतला गोडवा येतो कोठून?

सॅकरीनचा शोध १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत योगायोगाने लागला. अॅस्पार्टेम १९६५ मध्ये असेच अनपेक्षितपणे सापडले. ते साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्याने अगदी चिमूटभर पुरते. सुक्रालोज तर साखरेपासूनच बनते. साखरेच्या रेणूतील तीन ठिकाणी क्लोरीन बसवला, की सुमारे ६०० पट गोड पदार्थ तयार होतो. त्यामुळे ‘साखरेपासून बनवलेले’ हे वाक्य खरे असले, तरी त्याने तो पदार्थ नैसर्गिक ठरत नाही.

स्टीव्हिया ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. तिची पाने मुळातच गोड. पण पाकिटात येते ती पानांची पूड नसते. पानांतील स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड ही द्रव्ये कारखान्यात वेगळी काढून, शुद्ध करून वापरली जातात. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१५ मध्ये मान्यता दिली ती या शुद्ध द्रव्यांना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर अख्ख्या पानाला आणि कच्च्या अर्काला गोडी आणण्यासाठी मान्यताच दिलेली नाही, कारण त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही. पानावर प्रक्रिया करून काढलेले द्रव्य चालते आणि अख्खे पान चालत नाही, असे हे उदाहरण आहे.

मग या गोळ्या सुरक्षित आहेत का?

ठरलेल्या मर्यादेत सुरक्षित, पण बेफिकीर राहण्याइतक्या नाहीत, असे आजच्या पुराव्यांवरून म्हणता येते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्पार्टेमला ‘कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता’ या २-ब गटात टाकले आणि समाजमाध्यमांवर घबराट पसरली. त्याच दिवशी संघटनेच्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवल्याचे जाहीर केले. ही बातमी मात्र फारशी फिरली नाही. पहिली संस्था एखादा पदार्थ घातक ठरू शकतो का, एवढेच तपासते. किती खाल्ल्यावर धोका, हे दुसरी सांगते.

हिशेब असा. शीतपेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अॅस्पार्टेम धरले, तर ७० किलो वजनाच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील. २० किलो वजनाच्या मुलाची मर्यादा मात्र अडीच ते चार कॅनमध्येच संपते. काळजी करायचीच तर ती मुलांची करावी.

सॅकरीनचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. उंदरांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग दिसल्याने १९७७ पासून अमेरिकेत त्यावर इशारा छापला जात होता. उंदरांत घडणारी ती प्रक्रिया माणसाला लागू होत नाही, हे स्पष्ट झाल्यावर २००० मध्ये तो काढला गेला. उलट, एरिथ्रिटॉल फळांत असते आणि आपले शरीरही ते थोडे तयार करते. तरीही २०२३ मधील एका अमेरिकी अभ्यासात, रक्तात त्याचे प्रमाण जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण ‘नैसर्गिक’ म्हणून निश्चिंत राहता येत नाही, एवढे कळते.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा पदार्थांवर अवलंबून राहू नये, असा सल्ला दिला. दीर्घकाळात चरबी घटत असल्याचे दिसले नाही, हे त्यामागचे एक कारण. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेवढेच वाक्य गाळून संदेश पुढे जातात आणि रुग्ण गोळी सोडून पुन्हा गुळाकडे वळतात.

मधुमेहींना गूळ चालतो का?

साखरेला पर्याय म्हणून चालत नाही. गूळ आणि साखर दोन्ही उसाच्याच रसाचे आणि दोन्हींचा मुख्य घटक सुक्रोजच. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८० कॅलरी असतात. फरक नावापुरता आहे. शिवाय गुळाची गोडी थोडी कमी, म्हणून चहात खडा मोठा पडतो आणि तोही फरक पुसला जातो.

‘गुळात लोह असते’ हे खरे आहे. पण १०० ग्रॅम गुळात १० मिलिग्रॅम लोह असते असे उदारपणे धरले, तरी १० ग्रॅमच्या खड्यातून एकच मिलिग्रॅम मिळते. भारतीय स्त्रीसाठी दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. ती गुळाने भरून काढायची तर साखरेचा डोंगर पोटात जाईल. गुळाची चव, पुरणपोळीतील त्याची जागा, शेंगदाण्याबरोबरचा खडा हे सारे ज्याला झेपते त्याने जरूर खावे. मधुमेहाच्या माणसाला मात्र तो पथ्य म्हणून देऊ नये.

पिवळाधमक गूळ किती नैसर्गिक?

गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना मळी काढावी लागते. त्यासाठी भेंडीचा चिकट रस आणि चुना वापरण्याची जुनी रीत आहे. पण बाजाराला पिवळा, उजळ गूळ हवा असतो आणि काळपट गुळाला दर पडतो. म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळावरच्या भाषेत ‘हायड्रॉस’, वापरण्याचा मोह होतो. त्यातून गुळात उरणारे गंधकाचे अंश दम्याच्या रुग्णांना त्रासदायक ठरू शकतात. साखर मिसळून गूळ करण्याच्या तक्रारीही जुन्याच आहेत. यात भरडला जातो तो भेसळ न करणारा गुऱ्हाळमालक. त्याच्या तांबूस गुळाला ‘रंग नाही’ म्हणून कमी भाव मिळतो आणि रसायनाने उजळलेला गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून खपतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ काय धरायचा?

सुपारी झाडाला लागते. निपाणीच्या शिवारात पिकणारा तंबाखूही पानच आहे. दोन्ही पदार्थ जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदवले आहेत. अॅस्पार्टेमच्या २-ब गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. एखादी गोष्ट शेतात झाली की प्रयोगशाळेत, यावरून तिच्या उगमाविषयी कळते. ती कुणी, किती आणि किती दिवस खावी, हे त्यावरून कळत नाही. ते मात्रेवर आणि खाणाऱ्याच्या प्रकृतीवर ठरते.

ग्राहकाने काय पाहावे?

पाकिटाच्या पुढच्या बाजूवरील ‘शुगर-फ्री’ किंवा ‘नॅचरल’ सोडून मागची घटकांची यादी वाचावी. ९५० म्हणजे एसेसल्फेम-के, ९५१ अॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया आणि ९६८ एरिथ्रिटॉल. स्टीव्हियाच्या अनेक पुड्यांत वजनाने जास्त भाग एरिथ्रिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो. अॅस्पार्टेम उष्णतेने विघटित होऊन गोडी गमावते, म्हणून ते खिरीत उकळण्यात अर्थ नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ते घेऊच नये. ‘शुगर-फ्री’ मिठाईत साखर नसली तरी मैदा, खवा आणि तूप असतेच. गूळ घेताना रंगावर भुलू नये.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची मात्र नाही. पाकिटावरची सूचना मराठीत, पुढच्या बाजूला आणि भिंगाशिवाय वाचता येईल अशी हवी. बाजार समितीत गुळाचा दर नुसत्या रंगावर न ठरता तपासणीवर ठरायला हवा. कोल्हापुरात गुळावर काम करणारे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, मानांकन आहे, पेठही आहे. मग तपासलेल्या गुळाला चार पैसे जास्त मिळण्याची सोय का असू नये? कोल्हापुरी गुळाला औषध म्हणून मिरवण्याची गरज नाही. तो चांगला गूळ आहे, एवढे खात्रीने सांगता आले तरी पुरे. आणि मधुमेहाच्या घरात गूळ की गोळी या वादापेक्षा चहाची गोडीच हळूहळू कमी करत नेणे अधिक उपयोगाचे. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण त्यासाठी पाकीटही लागत नाही आणि ढेपही.