पोत्यातली पावडर छातीत नको

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीतला एक माणूस बायकोला बरोबर घेऊन दवाखान्यात आला. सुका खोकला, उतरलेले वजन आणि जिना चढताना धाप, या त्याच्या तक्रारी. हातात दोन वर्षांपूर्वीची फाईल होती. टीबीच्या औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स त्याने नेमाने पुरा केला होता. तो कोर्स सुरू करणारी चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण एक्स-रेवर डाग दिसले म्हणून मी औषधे चालू केली होती. एक साधा प्रश्न मात्र मी त्या वेळी विचारला नव्हता. तुम्ही काम काय करता?

या वेळी विचारला. तो म्हणाला, "फौंड्रीत हाय डॉक्टरसाहेब, भट्टीवर. भट्टीचं जुनं अस्तर फोडायचं, नवीन भरायचं. पांढरी पावडर असती, पोत्यातनं येती."

"किती वर्षं झाली?"

"चौदा झाली की."

तोंडाला काय बांधता, असे विचारल्यावर त्याने गळ्यातला टॉवेल दाखवला. त्याची बायको म्हणाली, "हे घरी येतात तवा गिरणीतनं आल्यागत दिसतात. मी कपडे आधी अंगणात झाडते, मग भिजवते."

मी त्याला छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले सिलिकोसिस. परत आल्यावर त्याने विचारले, "औषधानं बरं होईल न्हवं?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून या विषयावर लिहायचे मनात होते.

सिलिका म्हणजे कुठलीशी परदेशी रसायनाची बाटली नव्हे. वाळूत आणि गारेच्या दगडात ती असतेच. आपल्याकडच्या फौंड्रीत साचे करायला वापरतात ती सिलिका वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून येते. हीच वाळू किंवा गारेचा दगड दळून मैद्यासारखी बारीक पावडर करतात. काच, चिनी मातीची भांडी, टाईल्स, रंग आणि भट्टीचे अस्तर अशा अनेक ठिकाणी ती लागते. "अहो, मातीच तर आहे," असे मालकही म्हणतो आणि कामगारही म्हणतो. सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे.

नदीकाठची वाळू आणि ही पावडर यांत फरक जातीचा नाही, आकाराचा आहे. वाळूचा कण जड असतो. तो खाली पडतो आणि नाकात गेला तरी शेंबडाबरोबर बाहेर येतो. दळलेल्या पावडरीतले सर्वात बारीक कण ५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात. पण हा घास त्यांना पचत नाही. पेशी मरतात, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. या झटापटीत फुप्फुसात गाठी आणि व्रण तयार होतात. मऊ स्पंजासारखे फुप्फुस निबर होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात.

बहुधा हा रोग दहा-वीस वर्षांनी दिसतो. धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत, आणि कोंदट जागेत बारीक पावडर उधळत असेल तर काही महिन्यांतही. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी सहज गाठतो. त्यामुळे वाचकहो, हा लेख वाचून कुणी चालू असलेली टीबीची औषधे बंद करू नयेत. दोन्ही रोग एकाच छातीत नांदू शकतात. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासात जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला कर्करोगाचे निश्चित कारण म्हणूनही नोंदवले आहे. बुटाच्या खोक्यात निघणारी सिलिका जेलची पुडी मात्र स्फटिकरूप नसते. तिला या यादीत धरून घाबरू नये.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेने २०१६ साली मर्यादा ठरवली ती एक घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम, आठ तासांच्या पाळीची सरासरी. आपण साधा हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून दीड मिलिग्रॅमसुद्धा धूळ चालत नाही. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा. त्याचा दहावा भागही त्या खोलीच्या हवेत चालत नाही आणि आपण पोतेच्या पोते पालथे करतो!

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर गुजरातेतल्या गोध्राचे उदाहरण घ्या. तिथे गारेचा दगड दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर कामाला जात. काही महिने काम करून गावी परतलेली तरणी माणसे एकामागून एक मेली. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१६ साली न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्यास गुजरात सरकारला सांगितले. पैसे मिळाले, माणसे गेली ती गेलीच.

आता काय करायचे ते पाहू. "कामगार मास्कच लावत नाहीत, आम्ही काय करणार?" असे मालकमंडळी मला नेहमी सांगतात. मला हे पटत नाही. मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. पहिले काम पावडर हवेत उडू न देण्याचे, आणि ते मालकाच्या हातात आहे. कामगाराला भट्टीच्या धगीत आठ तास तोंड बांधायला लावायचे आणि हवा तशीच धुळीची ठेवायची, हा न्याय नाही.

साठवणीपासून सुरुवात करा. पोती आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेली घ्यावीत. ती कोरड्या जागी, लाकडी फळ्यांवर, जाण्यायेण्याच्या वाटेपासून आणि पंख्यापासून दूर रचावीत. थप्पी फार उंच नको. वरचे पोते पडून फुटले की अख्खी शेड भरते. फाटलेले पोते लगेच दुसऱ्या पोत्यात घालून तोंड बांधावे. पोत्यावर आत काय आहे आणि धोका काय, हे मराठीत आणि हिंदीतही लिहावे, कारण काम करणारे बरेचसे बिहार-ओडिशाकडचे आहेत.

पोते उघडताना फाडू नये, सुरीने कापावे. उंचावरून ओतू नये. जिथे ओततात तिथेच धूळ ओढून घेणारा पंखा आणि पिशवीची गाळणी बसवावी. जिथे पाणी चालते तिथे पाण्यासारखे स्वस्त औषध नाही. जमीन ओली करून मगच पुसून घ्यावी. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा या दोन गोष्टी तर बंदच कराव्यात. अंगावरची धूळ हवेच्या पाईपने उडवायची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती फार वाईट. ओला केलेला गाळही वाळायच्या आत पिशवीत बंद करावा, नाहीतर उन्हात वाळून तो पुन्हा उडतो.

भट्टीच्या अस्तराला मात्र पाणी चालत नाही. ते कोरडेच भरावे लागते. तिथे धूळ ओढणारी यंत्रणा हवीच. जुने अस्तर फोडण्याचे काम तर आणखी जपून करायचे. भट्टीच्या उष्णतेने सिलिकेचे रूप बदलते आणि ते फुप्फुसाला अधिक घातक असते. अशा वेळी मास्कही पाहिजे, पण रुमाल, टॉवेल किंवा करोनाच्या दिवसांतला निळा मास्क नव्हे. ते कण कापडाच्या विणीतून आणि कडेच्या फटीतून सहज आत जातात. निदान एन-९५ दर्जाचा, तोंडाला घट्ट बसणारा मास्क हवा. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. आणि तो मास्क मालकाने द्यायचा आहे, कामगाराने विकत आणायचा नाही.

कामगार बंधूंनी डबा आणि पाणी कामाच्या जागेपासून लांब ठेवावे. विडी-सिगारेट सोडावी, आधीच थकलेल्या फुप्फुसावर तो दुसरा भार आहे. आंघोळ कारखान्यातच करून, कपडे बदलून घरी यावे. जमत नसेल तर मळके कपडे पिशवीत बांधून आणावेत आणि न झाडता थेट पाण्यात बुडवावेत. माझ्या त्या पेशंटची बायको अंगणात कपडे झाडायची तेव्हा शेजारी पोरे खेळत असायची. आणखी एक गोष्ट, रिकामी पोती घरी आणू नयेत. कांदे भरायला, पावसात डोक्यावर घ्यायला किंवा पोरांना बसायला ती फार सोयीची वाटतात. पण तळाशी राहिलेली पावडर घरभर होते.

कामाला लागताना एक्स-रे आणि नंतर दरवर्षी एक्स-रे, हा नियम पाळावा. फिल्म जपून ठेवावी. पहिली आणि दहावी शेजारी ठेवली की रोग लवकर कळतो.

शेवटी आमच्या व्यवसायबंधूंसाठी. १७०० साली रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे त्याने तेव्हाच बजावले होते. मी तीनशे वर्षांनीही विसरलो. १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा डॉक्टरने सरकारला कळवायचा रोग होता आणि २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही तो आहे. पण आपण चिठ्ठीवर 'ब्राँकायटिस' किंवा 'जुना टीबी' लिहून मोकळे होतो. कागदावर रोगच नसेल तर भरपाई कशाची मागायची आणि कारखान्याला जाब तरी कसा विचारायचा?

तो पेशंट आता भावाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो. साखरेचे पोते उचलायला मुलाला हाक मारतो. तो मुलगा यंदा आयटीआयला आहे. उद्या तोही फौंड्रीत जाईल. जाऊ दे, काम वाईट नाही. आपल्या जिल्ह्याची चूल त्यावर पेटते. तो गेल्यावर तिथे पोते कसे उघडतात, जमीन कशी झाडतात आणि तोंडाला काय देतात, एवढे तीन प्रश्न त्याच्या आईने त्याला विचारायचे मी सांगून ठेवले आहे. तुमच्या घरातही कुणी अशा कामावर असेल तर आज रात्री जेवताना विचारून पाहा.