रॉसलेअरची उसनी भरभराट

ब्रेक्झिटने कोणाचे भले झाले, यावर ब्रिटनमध्ये अजून वाद चालू आहे. आयर्लंडच्या आग्नेय टोकावरच्या रॉसलेअर बंदरापुरते मात्र उत्तर सरळ आहे. 2020पर्यंत युरोपला जाणारा बराच आयरिश माल ट्रकमधून वेल्सच्या होलीहेडला उतरायचा, इंग्लंड आडवे कापून डोव्हरला पुन्हा बोटीत चढायचा आणि मग फ्रान्स गाठायचा. वर्षाला सुमारे दीड लाख ट्रक या वाटेने जात. 1 जानेवारी 2021पासून त्याच वाटेवर युरोपीय संघाची हद्द सोडण्याचे आणि पुन्हा तिच्यात शिरण्याचे सोपस्कार आले. दुसऱ्याच दिवशी रॉसलेअर ते डंकर्क थेट बोट सुरू झाली. ब्रेक्झिटआधी इथून युरोपच्या मुख्य भूमीकडे आठवड्याला सहा फेऱ्या होत. त्या तिसाच्या वर गेल्या. ही भरभराट खरी असली, तरी ती दुसऱ्याच्या निर्णयामुळे पदरात पडली आहे. ती स्वतःची करायची, तर धक्क्याइतकेच त्याच्या मागच्या जमिनीकडे, रस्त्याकडे आणि रुळांकडे लक्ष द्यावे लागेल.

ब्रिटनमधली वाट सुकर झाली की ट्रक परत तिकडे वळतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. डंकर्कच्या प्रवासाला सुमारे चोवीस तास लागतात. सगळे सुरळीत असेल तर ब्रिटनमार्गे त्याहून लवकर पोहोचता येते. मे 2025मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाने अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करण्याची तयारीही दाखवली. पण लांबच्या बोटीवर चालकाची सक्तीची विश्रांती प्रवासातच उरकते; शिवाय नुसता ट्रेलर चढवून चालकाला किनाऱ्यावरूनच परत पाठवता येते. आणि एकाच वाटेवर विसंबण्याची किंमत डिसेंबर 2024मध्ये दिसली. डॅरा वादळानंतर होलीहेडचे धक्के नादुरुस्त झाले आणि ऐन नाताळात बंद पडलेले हे बंदर जानेवारीच्या मध्यापर्यंत उघडले नाही.

पवनऊर्जेची गोष्टही वेगळी नाही; तिथेही आयर्लंड दुसऱ्यावरच विसंबून आहे. 2030पर्यंत समुद्रात 5 गिगावॅट क्षमता उभारण्याचे आयर्लंडचे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात देशाच्या किनाऱ्यालगत उभारली गेली ती आर्कलोजवळची, 2004 सालची सात यंत्रे, एकूण 25 मेगावॅटची. अजस्र पाती आणि मनोरे उतरवून, रचून समुद्रात न्यायला खोल पाणी, जड वजन पेलणारा धक्का आणि ऐसपैस मोकळे आवार लागते. असा खास धक्का या बेटावर बेलफास्टलाच आहे, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. तसा धक्का रॉसलेअरला बांधला आणि प्रकल्पच रखडले, तर तो ओस पडेल, ही भीती रास्त आहे. पण भक्कम धक्का आणि सपाट आवार ट्रेलरसाठीही वापरता येते. धक्काच नसेल तर प्रकल्प आणखी रखडतील.

पर्यटनाला वेगळी मोठी योजना लागत नाही. शेरबूर किंवा बिल्बाओहून गाडी घेऊन येणारा पर्यटक मालाच्याच बोटीतून येतो. अडचण बिनगाडीच्या प्रवाशाची आहे: रेल्वे स्थानक बोटीच्या टर्मिनलपासून दूर नेल्याने त्याला सामान ओढत चालावे लागते. बंदराचा कारभार आयरिश रेल्वेकडे, तरी मालगाडी तिथे येत नाही. वॉटरफर्डकडे जाणारा मार्ग 2010पासून बंद आहे. त्या मार्गावर सायकलवाट करावी, असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मात्र सायकलवाट दुसरीकडूनही नेता येते, बंदराला जोडणारा लोहमार्ग नव्याने आखणे फार अवघड. 2024च्या अखिल-बेट रेल्वे आढाव्यानेही हा मार्ग पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली आहे. सरकारने पहिला पैसा त्यावर आणि जड धक्क्यावर खर्च करावा. लंडनचे धोरण उद्या बदलले, तरी ही दोन कामे रॉसलेअरच्या उपयोगी पडतील.