ओल्या भिंतींना रंग

पुराचे पाणी ओसरून पुरते दोन आठवडे होत नाहीत, तोच पुणेकर गृहस्थ रंगाऱ्याला बोलावणे धाडतो. भिंतीवरची चिखलाची रेघ त्याला पाहवत नाही. गणपतीपूर्वी घर पूर्ववत दिसावे, आल्यागेल्याच्या नजरेला काही पडू नये, अशी त्याची इच्छा असते. ही इच्छा स्वाभाविक असली तरी ती फार महागात पडते. वीट पाणी पिते आणि ते अतिशय सावकाश सोडते. बाहेरून कोरडी भासणारी भिंत आतून कित्येक आठवडे ओलीच असते. तिच्यावर पुट्टी व तेलरंग चढविला की ते पाणी आतच कोंडते. दिवाळी उलटते न उलटते तोच रंगाचे पापुद्रे सुटू लागतात, पांढरा क्षार फुटतो, कोपऱ्यांत बुरशी धरते, आणि एकदा केलेला सारा खर्च पुन्हा करावा लागतो. प्लायवुडच्या कपाटांचे तेच. तळ फुगून त्याचे पदर सुटले असताना सुताराकडून खालची फळी बदलून, वर सनमायका चिकटवून वेळ मारून नेली जाते. पुढल्या पुरात तीच फळी पुन्हा फुगते.

या घाईच्या मुळाशी केवळ अज्ञान आहे असे आम्हांस वाटत नाही. भिंत वाळेपर्यंत दुसरीकडे राहावे, तर तेथले भाडे कोण देणार? वायरिंग नव्याने करून बटणे वर घ्यावीत, तर तो पैसा कोठून आणावा? भविष्यनिर्वाह निधी, दागिने किंवा भावाकडून उसनवारी याखेरीज बहुतेक कुटुंबांपाशी दुसरी वाट नसते. सरकारी मदतीची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूणसह कोकण व पश्चिम महाराष्ट्र बुडाला, तेव्हा राज्य सरकारने जाहीर केलेली तातडीची मदत कुटुंबामागे १० हजार रुपये होती. घर संपूर्ण पडले तर दीड लाख. शासनावर टीका करावी म्हणून आम्ही हे आकडे देत नाही. पंचनाम्यावर मिळणारी मदत चार दिवसांच्या निर्वाहापुरती असते, तिच्यातून संसार उभा राहत नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

पुण्याला तरी हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. त्यांच्यासाठी गोखलेनगरासारख्या वसाहती उभ्या राहिल्या, पण तेथील संस्थांच्या जमिनींचा प्रश्न पुढे कित्येक दशके सरकारदरबारी पडून राहिला. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने आणि २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत जो हाहाकार उडविला, तो अद्याप विस्मरणात गेलेला नाही. नदीच्या पात्रालगत बांधकामे होऊ देणाऱ्यांचा जाब विचारला पाहिजे आणि तो आम्ही विचारीत राहू. तथापि तो जाब मिळेपर्यंत तळमजल्यावरील कुटुंबाने काय करावे, याचाही विचार व्हावयास हवा.

विमा हा त्याचा सर्वांत उघड आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांवर बंधनकारक केली. आगीबरोबर पूर व वादळही तीत अंतर्भूत आहे. मध्यमवर्गीय माणूस येथे एका गैरसमजाने बिचकतो. सदनिकेची बाजारात किंमत एक कोट असेल तर विमाही एक कोटीचा घ्यावा लागेल आणि हप्ता डोईजड होईल, असे त्यास वाटते. वस्तुतः जमिनीचा विमा नसतोच. तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो. समजा सातशे चौरस फुटांचे घर आहे आणि बांधकामाचा खर्च फुटाला ३ हजार रुपये धरला, तर विम्याची रक्कम २१ लाख होते. घराचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, म्हणजे या उदाहरणात ४ लाख २० हजार रुपयांपर्यंत, सामानाला यादी न देता संरक्षण मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख. कमी रकमेचा विमा घेतला म्हणून भरपाईला त्याच प्रमाणात कात्री लावण्याची जुनी तक्रारीची प्रथाही या पॉलिसीत नाही. आणि आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, नुकसानीमुळे घर राहण्यास अयोग्य ठरले तर पर्यायी जागेच्या भाड्याची त्यात तरतूद आहे. भिंत वाळेपर्यंत थांबण्याची सवड कुटुंबाला मिळते ती येथे. इतके असून वर्षाचा हप्ता सामान्यतः दारातल्या मोटारीच्या विम्याहून पुष्कळ कमी पडतो. मोटारीचा विमा आपण कायद्याच्या धाकाने उतरवितो. घराला तो धाक नाही, म्हणून घर उघडे राहते. गृहकर्ज देताना बँकेने ‘विमा केला आहे’ असे सांगितले असल्यास तो कशाचा, हेही एकदा वाचून पाहावे. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो आणि पुराशी त्याचा काडीमात्र संबंध नसतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा विमा उतरविणे आवश्यक ठरविले आहे, पण तो आग आणि भूकंप यांविरुद्ध. पुराचा तेथे उल्लेख नाही! मुळा-मुठा, पंचगंगा आणि कृष्णा यांच्या काठी वसलेल्या शहरांसाठी केलेल्या नियमांत पूर गाळला जावा, हे नवल आहे. सहकार खात्याने ही दुरुस्ती केली पाहिजे. मीटरची खोली, लिफ्टचा खड्डा, पंप आणि जमिनीखालची टाकी ही सामाईक मालमत्ता तळाशीच असते आणि सर्वप्रथम तीच बुडते.

पेठांतल्या वाड्यांची कथा आणखी निराळी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोटिशीनंतरही त्याने ती टाळली तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिन्याचे भाडे शंभर रुपये असेल तर ही रक्कम तीनशे होते. तेवढ्यात सिमेंटचे एक पोतेही येत नाही. वाडा पडण्याचीच वाट पाहणाऱ्या मालकाला पूर ही पर्वणी वाटली, तर आश्चर्य कसले? अशा भाडेकरूंनी निदान आपल्या सामानाचा तरी स्वतंत्र विमा घ्यावा. तसा तो घेता येतो.

विम्यात सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. पॉलिसी घर पूर्वी होते तसे करून देण्याचा खर्च देते. पूर्वी बटणे जमिनीपासून फूटभर उंचीवर असली तर ती पुन्हा तेथेच बसविण्याचे पैसे मिळतात. ती चार फुटांवर नेण्याचा जादा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा. म्हणजे कंपनीने दर पुरात त्याच नुकसानीची भरपाई करावी आणि अखेरीस त्या वस्तीचा हप्ता वाढवावा, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ब्रिटनमध्ये पुराच्या छायेतील घरांना परवडेल असा विमा मिळावा म्हणून कंपन्यांवर वर्गणी बसवून २०१६ साली ‘फ्लड री’ ही योजना सुरू झाली. २०२२ पासून तीत सहभागी असलेल्या कंपन्यांना दुरुस्तीच्या खर्चावर आणखी १० हजार पौंडांपर्यंत रक्कम देता येते, आणि ती पाण्यात टिकणारी फरशी, उंचावरची वीजजोडणी, पाणी अडविणारी दारे अशांसाठीच असते. ती योजना जशीच्या तशी येथे आणा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या संस्थेने मीटर पहिल्या मजल्यावर नेले, तिला हप्त्यात सवलत देण्यास आमच्या कंपन्यांना अडचण कोणती? केंद्र सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा वस्तू व सेवा करातून मुक्त केला. घरविम्यावर मात्र १८ टक्के कर कायम ठेवला. हा भेद कोणत्या न्यायाने केला, हे अर्थमंत्रालयाने सांगावे.

एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. पाणी उतरताच भिजलेले सारे सामान कचऱ्यात लोटून घर धुऊन काढण्याची आपली रीत आहे. विमा असेल तर सर्व्हेअर येण्यापूर्वी पाण्याच्या रेघेसह प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत, वस्तूंची यादी करावी, आणि गाद्यांसारख्या कुजणाऱ्या वस्तू कंपनीला कळवूनच टाकाव्यात. फ्रिज किंवा धुलाईयंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी बटण दाबण्याचा मोह आवरावा. तंत्रज्ञाने पाहण्यापूर्वी ते चालू केल्यास, दुरुस्त होण्याजोगे यंत्रही जळते आणि मग कंपनीशी वाद उपस्थित होतो.

संस्थांनी हा विषय वार्षिक सभेवर ढकलू नये. ही सभा बहुधा सप्टेंबरात भरते आणि तोवर पावसाळ्याचे तीन महिने उलटून गेलेले असतात. व्यवस्थापक समितीने एप्रिलमध्येच इमारतीच्या विम्याचे दर मागवावेत, मीटर वर नेण्याचा खर्च वीज कंपनीकडून लिहून घ्यावा, आणि दोन्ही कागद मे महिन्याच्या विशेष सभेपुढे ठेवावेत.