पिठलं-भाताचा डबा

आमच्या मजल्यावरच्या काकूंचा धाकटा मुलगा गेला. चौतीस वर्षांचा. भेटायला येणारा जो तो कोचावर टेकला की तेच बोलायचा, ‘देव जे करतो ते बऱ्यासाठीच.’ काकू मान हलवायच्या. मी देव मानणारा माणूस, तरी त्या घरात ते वाक्य मला कुसळासारखं टोचत होतं.

त्या रात्री तुकोबा आठवले. 1630च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, वाण्याचं दुकान बसलं. पुढे एका अभंगात तुकोबा देवालाच सांगतात, की दिवाळं निघालं, दुष्काळानं पिडलं, हे बरंच झालं. त्यामुळे तुझी आठवण तरी राहिली. देवाच्या शहाणपणावर इतका भार टाकणारा माणूस विरळाच.

पण हे ‘बरं झालं’ त्यांनी स्वतःच्या घराबद्दल म्हटलंय. गावातल्या कर्जदारांच्या दारात उभं राहून नव्हे. लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं घरात होती. भावाचा अर्धा वाटा त्याच्या हाती देऊन आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. स्वतःच्या दुष्काळात त्यांना देवाची कृपा दिसली. दुसऱ्याच्या दुष्काळात त्यांनी कागद बुडवले.

मला वाटतं, श्रद्धेचा हिशेब असाच दोन वह्यांत मांडावा. माझ्या वाट्याला आलेल्या दुःखात देवाचा हेतू शोधायचा हक्क माझा. दुसऱ्याच्या दुःखात तो हेतू त्याला समजावत बसण्याचा नाही. तिथे आपण फार तर कामाला यावं.

काकूंच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी पिठलं-भाताचा डबा आणला, ताटं वाढली, काकूंच्या पाठीवरून हात फिरवला आणि न बोलता भांडी घासायला घेतली. देव माणसाची काळजी वाहतो म्हणतात. ती जिना चढून कशी येते, हे मी तेव्हा पाहिलं.

तेराव्यानंतर काकू म्हणाल्या, “विठोबाशी बोलत नाही सध्या. पण दिवा लावते रोज.” यावर मी काहीच बोललो नाही.

परवा वहिनींचा डबा परत गेला. रिकामा द्यायचा नसतो, म्हणून काकूंनी तळाशी मूठभर साखर घातली होती.