दहाव्या प्रयोगाचे काय?

आज ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याची आठवण म्हणून ठिकठिकाणी नटराजपूजन होईल, नांदी होईल, ज्येष्ठांच्या खांद्यावर शाली पडतील. व्हावेच. पण भाव्यांच्या चरित्रातला पुढचा भाग या दिवशी कोणी फारसा काढत नाही. १८५१ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन वारले, दरबारचा आधार सुटला आणि मंडळींना गाठोडी बांधून बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये त्यांचे खेळ मुंबईत झाले. मराठी नट पक्का झाला तो या फिरतीत.

याउलट आज बडोद्यात नाट्यशिक्षणाला जाणारा, जवळच्या करजणचा मराठी मुलगा घ्या. घरात मराठी, बाजारात गुजराती, तालमीत जे नाटक हाती येईल त्याची भाषा. सकाळी मियांगाम-करजणहून गाडी पकडायची. तालीम लांबली की परतीची गाडी चुकते आणि मित्राच्या खोलीवर पथारी पडते. महिना-दोन महिने असे घासून नाटक उभे राहते, परीक्षक येतात, घरचे येतात, एखाद-दुसरा प्रयोग होतो आणि नेपथ्याच्या फळ्या दुसऱ्या दिवशी पुढच्या नाटकासाठी उचकटल्या जातात. नाटक संपले! आणि बहुतेक नाट्यविद्यालयांत हेच चालते, एकट्या बडोद्यात नव्हे.

यात मुलाचे काय हुकते? पहिल्या प्रयोगात त्याच्या एका वाक्याला कडकडून हशा येतो. दुसऱ्या प्रयोगात तो त्या वाक्याआधीच मनातून हशाची वाट पाहू लागतो, किंचित थांबतो, आवाज जरा चढवतो, प्रेक्षक ढिम्म. समोरचा नट ताटकळतो, पुढचे वाक्य घाईने पडते, प्रवेश लंगडतो. हा हशा का गेला, हे तालमीत कोणी शिकवू शकत नाही. चौथ्या-पाचव्या प्रयोगात, हशाचा विचार सोडून तो पुन्हा समोरच्याचे ऐकू लागला की मग हशा परत येतो. पण चौथा-पाचवा प्रयोग आहे कुठे? एकांकिका स्पर्धांचेही तेच. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने नट दिले यात वाद नाही. पण तिथेही प्राथमिक फेरी, जमली तर अंतिम, आणि संहिता कपाटात.

नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, तेव्हा शाळा म्हणजे कंपनीच होती. नट चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र वाचले की त्या बिऱ्हाडातले हाल कळतात. त्या हालांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तेच नाटक निराळ्या गावात, निराळ्या प्रेक्षकांपुढे पुन्हा करायला मिळणे, ही एक गोष्ट त्या काळच्या पोराला फुकट मिळत होती, आजच्या पदवीधराला ती मिळत नाही. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीला ज्या बडोद्याने राजाश्रय दिला, त्या शहराने तरी हे विसरू नये.

उपाय अवघड नाही. परीक्षेच्या नाटकांपैकी दोन-तीन दरवर्षी करजण, डभोई, पादरा अशा तालुक्याच्या गावी न्यावीत. शाळेचे सभागृह, मोजके दिवे, एक टेम्पो. पडदा नसला तर नसो. करजणला मराठी प्रेक्षक कितीसा मिळणार, असे कोणी विचारेल. कमीच. मग गुजराती नाटक न्या. मराठी मुलाने गुजराती प्रेक्षकांपुढे उभे राहण्यात रंगभूमीचा कोणताच अपमान नाही. चंद्रवदन मेहता यांचे ‘आगगाडी’ हे रेल्वे कामगारांच्या जगण्यावरचे नाटक स्टेशनाच्या गावात कसे पोहोचते, हे पाहण्यासारखे ठरेल.

पैशाचा प्रश्न राहतो. तो नाट्यसंस्थांनी आणि विद्यापीठाने मिळून सोडवावा. आज सत्कारांवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा टेम्पोच्या भाड्याला पुरेल. आणि परीक्षेच्या गुणांत एक नवा रकाना घालावा: नाटक बसवल्यानंतर विद्यार्थ्याने त्याचे बाहेरगावी प्रयोग किती केले.