रॅम आठ जीबीची, दिसते चारच!

जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यात मोफत मिळणारी लिनक्स टाकायची, ही मुलांच्या अभ्यासासाठी परवडणारी सोय आहे. कटकट होते ती रॅम वाढवल्यावर. पैसे दिले आठ जीबीचे, पडद्यावर दिसते चारच. घरात लगेच सूर निघतो, ‘दुकानदाराने फसवले!’

माप कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. पण बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीदही सूरह हुजुरातमध्ये आहे. म्हणून आधी तपासणी, मग तक्रार.

टर्मिनल उघडून ‘फ्री’ ही कमांड द्या. पुढे जागा सोडून हायफन आणि एच. आठऐवजी साडेसात-पावणेआठ दिसले तर काहीही हरवलेले नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेले कॉम्प्युटर थोडी रॅम चित्रासाठी राखून ठेवतात, थोडी कर्नल घेतो.

तीन-साडेतीनच दिसत असेल तर ‘युनेम’, जागा, हायफन आणि एम टाइप करा. उत्तरात आय 686 आले तर लिनक्स 32 बिटची आहे आणि तिच्या काही कर्नलना चार जीबीपलीकडे पाहताच येत नाही. प्रोसेसर 64 बिटचा असेल तर 64 बिटची लिनक्स टाका.

बरोबर निम्मीच दिसत असेल तर बायोसमध्ये पाहा. तिथेही निम्मीच असेल तर लिनक्स निर्दोष आहे. वीज बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. रॅमचे सोनेरी टोक मऊ खोडरबराने पुसा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. तरीही फरक नसेल तर एकेक पट्टी आलटून पालटून दोन्ही स्लॉटमध्ये लावा. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब; एकाच जागी राहिला तर स्लॉट खराब.

बोर्डाची मर्यादाही पाहावी. इंटेलच्या 945 चिपसेटचे जुने बोर्ड चार जीबीच्या पुढे जातच नाहीत. त्यासाठी जादा रॅम घेणे म्हणजे पैसा वाया.

एवढे करूनही पट्टीच खराब निघाली तर बिल घेऊन दुकानात जा आणि शांतपणे दाखवा. दुकानदार बांधवांनाही विनंती: माल हातात देण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर आकडा दाखवा. पूर्ण माप देण्याची आजची रीत हीच.